नाचणीला पाणी देऊ नये

त्या दोन वर्षांत सगळं जग विषाणूच्या धास्तीने जागं राहायचं. मी नाचणीच्या.

म्हणजे विषाणूचीही होतीच. घरात चार वर्षांची मुलगी. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी साबणाच्या पाण्यात बुडवलीय आणि नंतर तिची चटणीही केलीय. पण नवरा आणि रेवा दोघं गाढ झोपल्यावर मी छताकडे बघत पडायचे ती वेगळ्याच विचारात. नाचणी पेरल्यापासून कापेपर्यंत चार महिने. माझी विद्यार्थिनी सायली, तिच्या पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपायला दीड वर्ष. दोन हंगाम तरी हवेतच. मग ती लिहिणार कधी, मी तपासणार कधी? आणि नाहीच झालं तर त्या पोरीची पाच वर्षं गेली कुठे म्हणून सांगायचं?

थोडं मागून सांगते. मी बॉटनी शिकवते. राहते मुलुंडला. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून तिथेच आहे. तेव्हा माझ्या हाताखाली पीएचडीचे दोन विद्यार्थी होते. ओंकार, कुडाळकडचा, खारफुटीवर काम करणारा. आणि सायली, कांजूरमार्गची. तिचा विषय नाचणी कमी पाण्यात कशी तगते हा. अर्ध्या कुंड्यांना रोज पाणी द्यायचं, अर्ध्यांना तोडायचं, आणि कोणतं वाण किती दिवस टिकतं ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये पिशव्या साठतात तसे ते साठतात. कोणी ठेवल्या आठवत नाही, लेबल पुसलेलं, आणि फेकायची कोणाची हिंमत नाही. परवा दोन मैत्रिणींना चहावर यातले काही सांगितले. एक हसून हसून खोकायला लागली. दुसरी म्हणाली, "तू हे सगळं हसत कसं सांगतेस गं?" तेव्हापासून जरा अस्वस्थ आहे, म्हणून लिहून काढतेय.

*

लॉकडाऊन लागला तेव्हा सायलीच्या साठ कुंड्या डिपार्टमेंटच्या मागच्या शेडमध्ये होत्या. रोपं वीतभर झालेली. आम्ही दोघी घरात अडकलेल्या. आत जाऊ शकत होते फक्त आमचे लॅब अटेंडंट तावडे मामा, कारण ते कॅम्पसमागच्या क्वार्टर्समध्ये राहायचे.

मामांना सायलीने फोनवर सगळं समजावलं. डावीकडच्या तीस कुंड्यांना पाणी, उजवीकडच्या तिसांना थेंबही नाही. तिथे तिने आधीच लाल अक्षरांत पाटी लावली होती: "पाणी देऊ नये." मामा रोज अकराला फोन करायचे. "सगळं व्यवस्थित, मॅडम." मी सायलीला कळवायचे. सायली वहीत खूण करायची. मला वाटलं, चला, एवढं एक तरी सुरळीत चाललंय.

एकविसाव्या दिवशी मामांच्या मुलाने आम्हा दोघींना व्हिडिओ कॉल लावून दिला. डावीकडची नाचणी हिरवीगार. उजवीकडची त्याहून हिरवी.

सायलीने वही मिटली. मग अगदी हळू विचारलं, "मामा, उजवीकडच्यांना पाणी घातलंत?"

"मग? डोळ्यांदेखत सुकायला लागली ती. मला बघवेना."

"मामा, तिथे पाटी होती ना?"

"वाचली ना पाटी. पण झाडाला पाणी देऊ नको असं कोणी लिहितं काय? मला वाटलं, कोणीतरी मस्करी केलीय."

"कधीपासून घालताय?"

"पहिल्या दिवसापासून," मामा म्हणाले. "तू अजिबात काळजी करू नको, पोरी."

*

दर बुधवारी अकराला आमची ऑनलाइन मीटिंग असायची. सायलीचा कॅमेरा कायम बंद. त्याच सुमारास हेड सरांचं परिपत्रक आलं, की मार्गदर्शनाच्या वेळी विद्यार्थ्याचा कॅमेरा चालू असावा आणि पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडावा. मला स्क्रीनशॉट हवा होता. खरं सांगायचं तर मला रागही आला होता. मी इथे एका हाताने मुलीला भरवत बसलेय आणि हिला साधं तोंड दाखवता येत नाही?

"सायली, कॅमेरा लाव बघू. असं भुतासारखं किती दिवस बोलायचं?"

"मॅडम, राहू दे ना."

"नाही. लाव."

तिने लावला. मागे निळ्या टाइल्स, नळ, दोरीवर वाळत घातलेला पंचा. ती उलट्या बादलीवर बसली होती, लॅपटॉप मांडीवर. खोलीत पाच माणसं. दार लावून बसायला तेवढीच एक जागा.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "सायले, आटप गं. दादाला कामावर जायचंय." तिचा भाऊ महापालिकेत कंत्राटावर होता, त्याला सुट्टी नव्हती.

"दोन मिनिटं," ती दाराकडे तोंड करून ओरडली. मग माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, स्क्रीनशॉटला मागे लायब्ररी लावू का?"

लावली तिने. तो स्क्रीनशॉट अजून फाइलमध्ये आहे. छान दिसते त्यात, जाड पुस्तकांच्या कपाटासमोर.

*

ओंकारचा प्रश्न वेगळा होता. तो गावी अडकला होता, पण त्याचं खारफुटीतलं फिरणं आधीच झालेलं. फक्त लिहायचं बाकी. आणि लिहिणं हे त्याच्या बाबतीत दात काढण्यासारखं.

सहामाही प्रगती अहवालाचा त्याचा मसुदा आला. रेवा मांडीवर, एका हाताने मी टाइप करत होते. बाजूला टीप वगैरे टाकायला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून त्याच्या मजकुरातच लाल रंगात शेरे लिहीत गेले. इंग्रजीतच लिहिले. एका ठिकाणी लिहिलं, "हा परिच्छेद कशासाठी आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं." दुसरीकडे, "यातून काहीही सिद्ध होत नाही." आणि शेवटी, "इथे लेखक दमलेला दिसतो."

ओंकारने अहवाल थेट समितीला पाठवला. मी उघडून बघितला तर माझे सगळे शेरे जागच्या जागी. काळ्या रंगात.

"ओंकार, हे काय केलंस रे?"

"मॅडम, फॉरमॅटमध्ये लिहिलंय ना, सगळा मजकूर काळ्या शाईत हवा. तुमचा लाल होता, तो मी काळा केला."

"अरे, वाचलंस तरी का?"

"वाचलं ना. मला वाटलं, तुम्ही मर्यादा लिहून दिल्यात. पटल्या मला."

मी आठवडाभर समितीच्या मेलची वाट बघत घाबरून होते. शेवटी आला. बाहेरच्या सदस्यांनी शेरा दिला होता: "उमेदवाराने मर्यादा प्रांजळपणे मांडल्या आहेत. असेच चालू ठेवावे." त्यांनी निदान वाचला. बाकीच्यांनी नुसत्या सह्या केल्या होत्या.

*

एकाचं लिहिणं दुसऱ्याने करू नये यावर मी या दोघांना खूप लेक्चरं दिलीत. त्याच काळात रेवाची ऑनलाइन नर्सरी चालू होती. मी कॅमेऱ्याबाहेर, टेबलाखाली वाकून बसलेली. टीचरने जांभळी भाजी दाखवली. रेवा गप्प. शेजारच्या चौकटीतला मुलगा हात वर करायला लागला, आणि माझ्याने राहवलं नाही. मी कुजबुजले, "वांगं."

टीचर गोड हसल्या. "वांगं अगदी बरोबर, मम्मा. पण मी रेवाला विचारलं होतं."

नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "पीएचडी आहे ती, टीचर. येतं तिला."

*

दुसरा हंगाम सायलीने घरीच घेतला. बिल्डिंगच्या कॉमन पॅसेजमध्ये चोवीस कुंड्या. शेजाऱ्यांशी कसं जमवलं ते तिलाच माहीत. कोणाच्या मुलांना फुकट शिकवणी, कोणाच्या लसीचं बुकिंग. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती रोज कुंड्या तोलायची. पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून कोणत्या कुंड्यांचं पाणी तोडायचं ते तिने ठरवलं होतं. या वेळी "पाणी देऊ नये" अशी पाटी नव्हतीच. "मॅडम, पाटी लावली की लोकांना दया येते," ती म्हणाली.

साठ दिवस बिनचूक गेले. मी जरा झोपायला लागले होते.

मग तिचे वडील आजारी पडले. मिल बंद झाल्यापासून ते एका सोसायटीत वॉचमन होते. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि बाकी घराला दोन आठवडे विलगीकरण केंद्रात. मजला सील.

त्याच आठवड्यात डिपार्टमेंटने संशोधकांसाठी ताणतणावावर वेबिनार ठेवला होता. हजेरी सक्तीची, नाही तर सहामाही अहवाल अडणार. मी हेड सरांना फोन केला, सायलीचे वडील ऑक्सिजनवर आहेत म्हणून सांगितलं. सर मनापासून हळहळले. मग म्हणाले, "पण मॅडम, फोनवरूनही जॉइन होता येतं."

झाली ती जॉइन. केंद्रातल्या कॉटवर बसून, एका कानात वक्ता आणि दुसऱ्या फोनवर हॉस्पिटलची हेल्पलाइन. वक्त्याने सांगितलं, डोळे मिटा आणि दीर्घ श्वास घ्या. सायलीने चॅटमध्ये लिहिलं, "सर, बाबांचं सॅच्युरेशन ऐंशी आहे, त्यांनी कसा घ्यायचा?" कोणीतरी तो मेसेज काढून टाकला. संध्याकाळी तिला प्रमाणपत्र आलं, सोनेरी किनारीचं. उत्तम सहभागाबद्दल.

वडील वाचले. पण जिना चढला की धाप लागायची, नोकरी संपली.

आणि कुंड्या? घरी परतल्यावर तिने मला व्हिडिओ कॉल लावला आणि पॅसेजभर फोन फिरवला. चोवीसच्या चोवीस, पाणी द्यायच्या होत्या त्यासुद्धा, वाळून काडी.

पहिल्या हंगामात सुकायची होती ती जगली, दुसऱ्यात जगायची होती ती मेली. हे मी हेड सरांना सांगितलं. ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "मग मॅडम, पहिल्या हंगामातली हिरवी आणि दुसऱ्यातली वाळलेली, दोन्ही जोडून एक पूर्ण प्रयोग नाही का होत?"

मी नाही म्हणाले. लगेच नाही म्हणाले असं मैत्रिणींना सांगितलं होतं. खरं म्हणजे फोन ठेवून मी दोन मिनिटं कागदावर आकडे मांडून बघितले होते.

*

सहामाही अहवालात शेवटी गाईडने एक शब्द लिहायचा असतो. सायलीच्या अहवालावर मी चार वेळा "समाधानकारक" लिहिलं. एकदा, फक्त एकदा, खरं लिहिलं: रोपं नाहीत, आकडे नाहीत, मुलगी बादलीवर बसून काम करते, मुदत वाढवून द्या. सरांनी फॉर्म परत पाठवला.

"असमाधानकारक लिहिलंत तर सोबत कारणं जोडावी लागतात. समाधानकारकला काही जोडावं लागत नाही," ते म्हणाले. "आणि कारणं जोडली की चौकशी तुमचीच, मॅडम. तुमचं प्रमोशन आहे ना यंदा?"

होतं. मी लिहिलं, समाधानकारक.

*

ओंकारचं मात्र झालं. त्याचा शेवटचा जाहीर व्हायवा ऑनलाइन होता, म्हणजे कोणीही लिंकवरून येऊन बसू शकतं. एरवी अशा व्हायवाला डिपार्टमेंटचे चार जण आणि समोशांसाठी आलेले सहा जण असतात. ओंकारचा त्याच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यातून झाला. मागे अर्धी वाडी बसली होती. पुढे बायका, मागे पुरुष, एक बकरीसुद्धा.

ओंकारने सादरीकरण ठीक केलं. मग बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, खारफुटीची मुळं चिखलातून वर का येतात? हे त्याला झोपेतही येत होतं. पण तो गोठला. पाच सेकंद, दहा सेकंद. मी म्यूटवर नखं खातेय.

मागून त्याचे काका उठले. मासेमारीची होडी आहे त्यांची. म्हणाले, "अरे, सांग मरे. काल माका सांगलंस, तांच सांग."

ओंकारने वळून काकांकडे नुसतं बघितलं. काकांचा धीर सुटला. ते सरळ फोनसमोर आले, परीक्षकांना हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, चिखलात हवा नाय. मुळां श्वास घेवक वर येतत. हेका येता सगळां, फक्त घाबरलो हा."

परीक्षक म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. उमेदवाराने पुष्टी करावी."

"हो सर," ओंकार म्हणाला.

आता तो डॉक्टर आहे. गावात काकांनाही अर्धा डॉक्टर म्हणतात.

*

सायलीचं काय झालं, हे मैत्रिणींनी मध्येच विचारलं होतं. तुम्हीही विचाराल, म्हणून आधीच सांगते. सोडलं तिने. नोंदणी रद्द करायच्या फॉर्मवर कारणासाठी एकच ओळ असते, तिने लिहिलं, "वैयक्तिक." मी खाली सही केली. आता भांडुपला एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मुलांची आवडती आहे म्हणे. दिवाळीला तिचा मेसेज येतो, फराळाच्या ताटाचा फोटो आणि हात जोडलेले. मी लगेच उत्तर देते आणि मग दिवसभर फोन उलटा ठेवते.

पण तो बुधवार सांगायचा राहिला.

कुंड्या वाळल्यानंतरचा तिसरा बुधवार असेल. सायलीने कॅमेरा स्वतःहून लावला. बाथरूममध्ये नव्हती; पॅसेजमध्ये, भिंतीला टेकून. मागे रिकाम्या कुंड्या एकात एक रचलेल्या.

"मॅडम, एक क्लास आहे भांडुपला. लगेच या म्हणतायत. त्यांना उद्या कळवायचंय."

मी काहीतरी म्हणाले, आत्ताच घाई नको, वगैरे.

"घाई नाही हो. घरात कोणीतरी कमवायला हवं ना आता. दादाचं कंत्राट कधी संपेल सांगता येत नाही." मग ती भिंतीपासून सरळ झाली. "पण तुम्ही होईल म्हणालात तर मी क्लासला नाही म्हणेन. आईशी बोललेय मी. अजून एक हंगाम ती सांभाळेल म्हणाली. बियाणं आहे माझ्याकडे. फक्त तुम्ही खरं सांगा. माझं होईल का?"

रेवा माझ्या शेजारीच जमिनीवर पालथी पडून हत्ती रंगवत होती. तिच्यामुळे मी हेडफोन लावत नसे. लावला की ती ओढायची. सायलीचा आवाज सगळ्या खोलीत येत होता.

आता यावर एक गाईड काय म्हणणार? समोर अठ्ठावीस वर्षांची मुलगी बसलीय, पाच वर्षं घालवून, आणि बियाणं आहे म्हणतेय. मी खुर्चीत ताठ बसले. कॅमेऱ्यात डोळे घालून बोलावं असं कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, तसं थेट त्या हिरव्या दिव्याकडे बघितलं.

"होणार, सायली. शंभर टक्के होणार. मला जराही शंका नाही."

तिचा चेहरा असा सैल पडला, की मला वाटलं आता रडणार. रडली नाही. हसली. गेल्या वर्षभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "मग कळवते मी क्लासला, नाही म्हणून," ती म्हणाली. "शनिवारी माती आणते."

"आण," मी म्हणाले. "आपण मुदतवाढीचा अर्जही करू."

रेवाने हत्ती तसाच टाकला, उठून माझ्या मांडीवर चढली आणि स्क्रीनमध्ये डोकावली. तिला सायली आवडायची.

"हाय रेवा," सायली म्हणाली. "काय काढलंस?"

रेवाने तिला उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळली. माझी हनुवटी हातात धरून तोंड स्वतःकडे फिरवलं, मी लक्ष देत नसले की फिरवते तसं.

"पण आई," ती म्हणाली, "बाबाला तर तू सांगितलंस, हिचं नाही होणार."